माणसं आल्यावर मोजा

काका,

तुम्ही गेल्याचं तुमच्या मुलाने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "पण फ्लोरिडाचं राहिलं ना अजून." तो गोंधळला. "काय राह्यलं म्हनता, मॅडम?" मी म्हटलं, काही नाही, येते मी. मालेगावच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मी त्याला धीराचा एक शब्दही बोलले नव्हते. कसं झालं, केव्हा झालं, काहीच विचारलं नव्हतं. ते तुमच्या अंगणात लोकांच्या बोलण्यातून कळलं. सकाळी दाढीला बसलात, अर्धी झाली, आणि आरसा हातातून सुटला.

तेरवीला कुणीतरी म्हणालं, वाशीमच्या कॉलेजातल्या मॅडम आल्या आहेत, त्या चार शब्द बोलतील. मी उभी राहिले, "काकांना इतिहासाची फार आवड होती" एवढं म्हणाले आणि बसले. खरंच होतं ते, पण त्यापेक्षा गप्प राहिले असते तर बरं झालं असतं. म्हणून आता लिहिते आहे, तुम्हालाच. बाकी कुणाला यातलं निम्मंही ठाऊक नाही.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही पहिल्यांदा आलात तो शनिवार होता. अर्ध्या दिवसाने कॉलेज सुटलेलं, स्टाफरूममध्ये मी एकटी पेपर तपासत होते. पांढरा पायजमा-सदरा घातलेले तुम्ही दारात उभे, खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीतून तुम्ही मालेगावच्या वाचनालयातला एक जुना ॲटलास काढलात आणि माझ्या पेपरांवरच उघडून ठेवलात.

"मॅडम, तुमी इतिहासाच्या नं? मले एक इचारायचं हाये. हा नकाशा सतराशे त्रेसष्टच्या आधीचा. अन् हा नंतरचा. अमेरिकेतला हा निळा रंग कोठी गेला?"

"तो फ्रान्सचा मुलूख, काका. सात वर्षांच्या लढाईत फ्रान्स हरला. पॅरिसला तह झाला, त्यात त्यांनी कॅनडा आणि मिसिसिपीच्या पूर्वेचं जवळजवळ सगळं इंग्रजांना देऊन टाकलं. त्याबदल्यात साखरेची दोन बेटं परत घेतली."

"ते समजलं. पन मोजनी कोनं केली?"

मला हसू आलं. "कोणीच नाही."

"कोनीच नाई?" तुम्ही नकाशावर हात ठेवलात. अख्खा तळहात ठेवूनही तो निळा रंग झाकला गेला नाही. "बाप्पा! अवो, मी दोन एकराच्या धुऱ्या-बांधासाठी तीन-तीन खेपा मारल्या आयुष्यभर. अन् एवढी जमीन हातची गेली, ते बी बिन मोजनीची?"

मग तुम्ही नाव सांगितलंत. नामदेवराव, मोजणीच्या खात्यातून रिटायर, मालेगावचे. ते नाव ऐकलं आणि माझ्या हातातला लाल पेन थांबला. मी तुम्हाला ओळखलं होतं. पहिल्या दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

मी दहा वर्षांची होते. आमची वस्ती गावापासून दीडेक कोसावर, टेकडीच्या पायथ्याशी, वीस-बावीस घरांची. दिवाळी झाली की सारी वस्ती ऊसतोडीला कारखान्यावर जायची आणि उन्हं तापायला लागल्यावर परत यायची. त्या वर्षी आई बाळंतीण होती, म्हणून आई, तान्हा भाऊ, मी आणि दोन म्हातारी माणसं एवढीच मागे राहिलो होतो. तेव्हा तुम्ही आलात. टेकडी एका सरकारी खात्याची, खालचं रान गावाचं, मधली हद्द ठरवायची होती. दोन्ही पक्षांची माणसं हजर होती. आम्ही कुठलाच पक्ष नव्हतो.

आईने तुम्हाला लोटाभर पाणी दिलं आणि म्हणाली, "साहेब, लोकं कारखान्यावर गेले. मानसं आल्यावर मोजा नं."

तुम्ही पाणी प्यायलात, लोटा परत दिलात. "बाई, मी नुसता मोजून राह्यलो. देनं-घेनं वरचे लोकं करतात."

आणि मोजणीची साखळी ओढलीत.

रेघ आमच्या घरांच्या खालून गेली. माणसं परत आली तेव्हा त्यांची घरं त्या खात्याच्या हद्दीत जमा झाली होती. अर्ज झाले, चकरा झाल्या. दोन वर्षांनी आठ दिवसांची नोटीस आली आणि घरं पाडली. आम्ही इंझोरीला मामाच्या शेजारी आलो. कुणी मालेगावच्या कडेला पाल ठोकलं. माझ्या मोठ्या चुलत्याचं कुटुंब उसाच्या मुलखात गेलं ते तिकडचंच झालं. बारक्या चुलत्याने त्या नकाशाची नक्कल ट्रंकेत ठेवली होती, ती मी बी.ए.ला असताना पाहिली. फार सुबक नकाशा होता, काका. नाला दाखवलेला, विहीर दाखवलेली, मोहाची झाडं एकेक करून दाखवलेली. फक्त घरं नव्हती. खाली सही आणि सहीखाली तुमचं नाव.

तेव्हा पहिल्या शनिवारी मी तुम्हाला दारातूनच वाटेला लावायला हवं होतं. पण तुम्ही असा प्रश्न घेऊन आला होतात जो पंधरा वर्षं हे तह शिकवताना मला एकदाही सुचला नव्हता. मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी या. अजून पुष्कळ आहे."

आणि तुम्ही येतच राहिलात. मालेगावहून बसने यायचे, पिशवीत कधी ओला हरभरा, कधी काकूंनी दिलेल्या ज्वारीच्या लाह्या. मी इंग्रजीतून कलमं वाचून मराठीत सांगायची, तुम्ही शाळेच्या वहीत उतरवून घ्यायचे, अक्षर अगदी मोजणीच्या नोंदवहीतल्यासारखं. सतराशे अठ्ठेचाळीसच्या तहाने तुम्ही पार चक्रावलात. फ्रेंचांनी जिंकलेलं मद्रास इंग्रजांना परत मिळालं, आणि त्याच्या बदल्यात कॅनडाच्या किनाऱ्यावरचा एक किल्ला फ्रेंचांना परत गेला.

"म्हनजे मद्रासच्या कोळ्याचा मालक कोन, हे त्या बर्फातल्या किल्ल्यावर ठरलं?"

"तसंच म्हणायचं."

"अन् त्या कोळ्याले कोनी सांगतलं?"

"काका, तहात कोळ्याला सांगत नसतात."

"तेच तं इचारून राह्यलो मी. काहून नाई सांगत?"

आपलं भांडण इथून सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायची, हे दोन राजांचे करार आहेत. समुद्रावर कुणाची सत्ता, कुठलं बंदर कुणाकडे, साखर कुणाची, हे त्यांच्यापुढचे प्रश्न होते. फ्रान्सच्या दरबाराला साखरेचं एकेक बेट अख्ख्या कॅनडापेक्षा मोलाचं वाटत होतं. त्रेसष्टच्या तहात पाँडिचेरी परत मिळाली, पण तिथे पुन्हा बळ उभं करायचं फ्रेंचांना जमलं नाही आणि हिंदुस्थानात इंग्रजांना वाट मोकळी झाली. या एका तहाने जगाचा नकाशा पालटला, तो समजून घ्यायचा तर वरून पाहावं लागतं. तुम्ही ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "वरून पाह्यलं का सारं सपाटच दिसते, पोरी. मी वरून कधी मोजलं नाई."

मॅडमचं पोरी कधी झालं ते मला आठवत नाही. मी हरकत घेतली नाही, एवढं आठवतं.

तुमचा सगळ्यांत आनंदाचा दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. सतराशे त्र्याऐंशीचा तह, अमेरिका स्वतंत्र झाली तो. त्यात हद्द सांगितली आहे की एका मोठ्या तळ्याच्या वायव्य टोकापासून सरळ पश्चिमेला जा, मिसिसिपी नदी लागेपर्यंत. तुम्ही पिशवीतून शिवायचा दोरा काढलात, ॲटलासमधलं ते तळं शोधलंत, एक टोक मला धरायला लावलंत आणि दोरा सरळ पश्चिमेला ताणलात. दोरा नदीला लागेचना. तुम्ही पुन्हा ताणला. नदी खालच्या अंगालाच उगम पावत होती, दोरा तिच्या डोक्यावरून निघून गेला.

मी सांगितलं की तह करणाऱ्यांपुढे जो नकाशा होता, त्याच्या नेमक्या त्या कोपऱ्यात दुसरा एक छोटा नकाशा छापलेला होता. उगम त्याखाली झाकला गेला होता. त्यांनी अंदाजाने लिहून टाकलं. शिवाय हद्दीची खूण म्हणून एका बेटाचं नाव घातलं, ते बेट जगात कुठे नव्हतंच.

तुम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. "रेघ हवेत लटकून राह्यली बाप्पा! माह्या साहेबानं मले सस्पेंड केलं असतं." शिपाई डोकावून गेला इतके मोठ्याने हसत होतात. मीही हसत होते. दोऱ्याचं एक टोक माझ्या हातात होतं, आणि त्या अर्ध्या तासात तुमचं नाव कुठल्या कागदावर होतं हे मी साफ विसरले होते. घरी आल्यावर मात्र मला स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी मी जेवले नाही.

तुमचं ऋण आहे माझ्यावर, तेही लिहिते. मी आता हा धडा निराळा शिकवते. नकाशा लावते, रंग दाखवते आणि विचारते, या रंगाखाली कोण उभं होतं? पोरं आधी नकाशावरची नावं वाचतात. मग एखादी पोरगी हात वर करते. माझ्या नोकरीत इतकी जिवंत हालचाल मी वर्गात याआधी पाहिली नव्हती. ती तुमच्यामुळे. हे मात्र मी तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही चष्मा पुसत म्हणाला होतात, "मले समजलं तवा लय उशीर झालता. त्यायले वेळेवर समजू द्या."

तेव्हा तुम्ही बोलण्याचं दार किलकिलं केलं होतंत. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पण या उन्हाळ्यातली ती दुपार मला गिळता येत नाही. आपण त्र्याऐंशीच्या तहाच्या शेवटाला आलो होतो. मी सांगत होते की इंग्रजांनी मिसिसिपीपर्यंतचा मुलूख अमेरिकेला सोडला. त्यात कितीतरी जमातींची गावं होती, शेती होती, त्यांतल्या काहींनी तर इंग्रजांच्या बाजूने लढून माणसं गमावली होती. तहाच्या कागदात त्यांचं नाव एकदाही येत नाही. त्यांना बातमी मागाहून कळली.

तुम्ही लिहायचं थांबलात. पेनचं टोपण लावलंत. वही मिटलीत आणि म्हणालात, "त्या टेबलापाशी एकानं तरी म्हनाव होतं, पोरी. मानसं आल्यावर मोजू म्हनून."

ते माझ्या आईचे शब्द होते. तुम्ही ते जसेच्या तसे उच्चारलेत. म्हणजे इतकी वर्षं ते तुमच्यापाशी होते, आणि तुम्ही ते माझ्यापुढे ठेवून बसला होतात. मला एवढंच म्हणायचं होतं की काका, हे बोलणारी बाई माझी आई. बस्स. पुढचं तुम्ही बोलला असतात.

मी म्हणाले, "इतिहासात असं 'म्हणायला हवं होतं' चालत नसतं, काका. पुरावा लागतो."

"हाव," तुम्ही म्हणालात. "पुरावा लागते." आणि ॲटलास पिशवीत ठेवलात.

का बोलले नाही मी? इतक्या दिवसांत याची पुष्कळ उत्तरं स्वतःला देऊन पाहिली. खरं तर मला तुमच्या माफीची भीती वाटली. तुम्ही मागितली असती तर मला काहीतरी करावं लागलं असतं. माफ करावं लागलं असतं, नाहीतर नाही म्हणावं लागलं असतं. दोन्ही मला जमणारं नव्हतं. वस्तीतलं माझ्यापाशी दुसरं काही उरलेलं नाही. घर नाही, फोटो नाही, माणसंसुद्धा पांगली. हा राग तेवढा उरला होता. तो देऊन टाकला असता तर माझ्यापाशी काय राहिलं असतं, सांगा.

त्यानंतर तुम्ही दोनदाच आलात. शेवटच्या शनिवारी फ्लोरिडा चालू होतं. त्रेसष्टच्या तहात स्पेनने हवाना परत मिळवायला फ्लोरिडा इंग्रजांना दिलं. तिथल्या स्पॅनिश लोकांना घरदार विकून निघायला अठरा महिने दिले, आणि त्यांचं तिथलं मुख्य शहर जवळजवळ अख्खं जहाजांत बसून क्यूबाला निघून गेलं.

"अठरा महिने तरी देल्ले," तुम्ही हळूच म्हणालात.

मी ऐकू न आल्यासारखं केलं. पुढे सांगत गेले की वीस वर्षांनी, त्र्याऐंशीच्या तहात, तेच फ्लोरिडा पुन्हा स्पेनकडे आलं आणि काही कुटुंबं परत गेली.

"मंग घरं सापडली का त्यायले?"

"बघून सांगते पुढच्या शनिवारी."

बुधवारी तुम्ही गेलात. मी नंतर शोधलं, काका. परतलेल्यांना आपल्या घरांत दुसरीच माणसं दिसली, जुने हक्क आणि नवे हक्क यांचे तंटे लागले. त्या तंट्यांचं शेवटी काय झालं ते मला सापडलेलं नाही. सापडलं तरी आता ते सांगायचं कुणाला?

तेरवीच्या दिवशी काकूंनी मला आत बोलावलं. पानं उठत होती, बाहेर गडबड होती. त्या चुलीजवळ बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमी त्याच वस्तीतल्या नं?"

मी हो म्हटलं.

"आमच्या यायले कोनं तरी सांगतलं होतं, त्या वस्तीतली पोरगी वाशीमच्या कालेजात लागली म्हनून. तवापासून म्हनत, जातो एक दिवस. हिंमत नव्हती होत. मंग ते नकाशाचं पुस्तक भेटलं, तं म्हने आता हे घेऊन जातो, बोलाले निमित्त होते."

"काय बोलायचं होतं त्यांना?"

"ते मले नाई सांगतलं कधी. दर शनिवारी जाताना म्हनत, आज बोलतोच तिच्यापाशी. अन् वापस आले का पिशवी खुंटीले लावत अन् म्हनत, आज बी कॅनडाच झाला."

मी तिथेच भिंतीला टेकून बसले. म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. तीन वर्षं आपण दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून दुसऱ्यांचे तह वाचत राहिलो. तुम्ही दर वेळी मालेगावहून तेच बोलायचं ठरवून निघत होतात आणि मी दर वेळी कुठलं तरी कलम काढून तुमच्यापुढे धरत होते. काकूंना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी शिऱ्याचं पान पुढे केलं, मी दोन घास खाल्ले.

तिथून मी थेट इंझोरीला गेले. एक गोष्ट अजून होण्यासारखी होती. तुमचं बोलणं राहिलं, माझं राहिलं, पण आई होती. ज्या बाईने तुम्हाला थांबायला सांगितलं होतं तिला जाऊन सांगायचं की त्या माणसाने तुझं बोलणं तीस वर्षं विसरलं नाही, अखेरपर्यंत जवळ बाळगला. तिने काय म्हणावं अशी माझी अपेक्षा होती ते मलाही ठाऊक नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तुमच्या वतीने मी त्या ऐकून घेतल्या असत्या.

आई ओट्यावर गोधडीला टाके घालत होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. मोजणी, पाण्याचा लोटा, साखळी, कॉलेज, शनिवार, तुमचं जाणं. ती टाके घालत ऐकत होती.

"कोन मोजनीवाला म्हनतं तू?"

"नामदेवराव. तू बाळंतीण होतीस तेव्हा आलेले. तू पाणी दिलं होतंस."

"देल्लं असन. येनाऱ्याले पानी तं देतोच आपन." तिने दोरा दाताने तोडला. "मोजनीवाले लय आले बाई त्या दोन-तीन वर्सांत. कोना-कोनाचं ध्यान ठेवाव?"

"आई, तू त्यांना म्हणाली होतीस, माणसं आल्यावर मोजा."

तिने वर पाहिलं. "मी?"

"हो, तूच. मी तिथेच उभी होते."

ती विचार करत राहिली. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होती, माझ्यासाठी. मग मान हलवली. "नाई बाई. मले नाई याद. त्या सालचं मले एकच ध्यानात हाये, तुहा भाऊ लय रडे अन् माहं दूध आटलं होतं."

काका, तिला तुम्ही आठवत नाही. तिने तुम्हाला माफ केलं नाही आणि शापही दिला नाही, तुम्ही तिच्या आयुष्यात कुठे नव्हतातच. मी कुणाचा राग सांभाळत बसले होते? तुम्ही कुणाची माफी मागायला दर शनिवारी बसचं तिकीट काढत होतात?

मला रडू आवरेना. आईने सुई गोधडीत खोचली, गोधडी बाजूला सारली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला काही उमगत नव्हतं. तिने विचारलं, "पोरी, तो तुहा कोन लागत होता?"